ड्रूल्समध्ये एकटा नियम तपासणं: कांदा निर्यातीच्या कामावरून केलेलं परीक्षण

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेले मोकळे होतील. ड्रूल्स हे नियमांवर प्रोग्रॅम चालवणारं अवजार. त्यात नियमांच्या गर्दीतून एकच नियम बाजूला काढून तपासता येतो का? येतो, आणि त्यासाठी एकच ओळ लिहावी लागते. पण ती ओळ लिहिली आणि निर्धास्त झालो, असं मात्र होत नाही. नको तिथे गप्प बसायची या अवजाराला खोड आहे. ती कुठे कुठे आहे हे माहीत असेल तर फुकटात मिळणारी ही गोष्ट फार कामाची आहे. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड का कापला ते पुढे सविस्तर.

नाशिकला त्र्यंबक रोडला आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं सगळी आसपासची. सातपूर-अंबडचे कारखानदार, दिंडोरीकडचे द्राक्षवाले आणि पिंपळगाव बसवंतचे एक कांदा निर्यातदार. हे परीक्षण त्या शेवटच्या कामावरून आहे. मी मूळची हिशेबातली, बी.कॉम. झाल्यावर एका कर सल्लागाराकडे वह्या लिहिल्या, मग जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. त्यामुळे नियम म्हटलं की मला आधी अधिसूचना आठवते, कोड नंतर.

कांदा निर्यातीचे नियम किती वेळा फिरले हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. १९ ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क बसलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ४ मे २०२४ला बंदी उठली, ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत घेऊनच. १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य गेलं आणि १४ सप्टेंबरपासून शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून शुल्क शून्य. या काळात लासलगावला लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, चाळीत कांदा सडला. आमच्याकडे काय झालं, तर दर वेळी कोडमध्ये नियमांची भर पडली. जुना नियम खोडता येत नाही, कारण जुन्या मालाची कागदपत्रं पुन्हा काढावी लागतात आणि तेव्हा त्या तारखेचाच नियम लागायला हवा.

या निर्यातदार शेठच्या पेढीवरचे दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण आकड्यात चूक दिसली तर सोडत नाहीत. एकदा मला म्हणाले, "ताई, हा शेवटचा एकच आकडा दाखवून मला काय कळणार? त्यात भाडं आलं, हमाली आली, डॉलरचा भाव आला. शुल्काचा नियम तेवढा एकटा चालवून दाखवा ना." म्हटलं तर साधी मागणी. पण नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हीच सर्वांत अवघड असते, कारण तिथे नियम एकमेकांना खेटून बसलेले असतात.

ज्यांनी ड्रूल्स वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जावामधलं हे नियम-इंजिन आहे. 'अमुक असेल तर तमुक कर' असे नियम वेगळ्या फाइलीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात लिहायचे, माल, तारीख, किंमत वगैरे माहिती इंजिनाच्या हवाली करायची आणि 'फायर ऑल रूल्स' म्हणायचं. कुठला नियम कुठल्या माहितीला लागू होतो ते इंजिन शोधतं. हे शोधायची मूळ पद्धत रेटे नावाची. चार्ल्स फोर्जी यांनी ती सत्तरच्या दशकात मांडली. ड्रूल्सने सहाव्या आवृत्तीपासून फ्रीक नावाची स्वतःची पद्धत घेतली. हा प्रकल्प २००१चा आहे. पुढे तो जेबॉसकडे आणि त्यांच्यामार्फत रेड हॅटकडे गेला, आता अपाचे संस्थेच्या छत्राखाली आहे. परवाना अपाचे २.०, म्हणजे पैसे शून्य. शेठना हा मुद्दा सर्वांत आधी पटला.

आता मुख्य वस्तू. फायर ऑल रूल्स म्हणताना त्याला एक 'अजेंडा फिल्टर' देता येतो. अजेंडा म्हणजे जुळलेल्या, चालायला तयार असलेल्या नियमांची रांग. फिल्टर त्या रांगेच्या तोंडाशी उभा राहतो आणि प्रत्येक नियमाला जाऊ द्यायचं की नाही ते ठरवतो. नावावरून गाळणारे फिल्टर ड्रूल्ससोबत आयतेच मिळतात: नाव तंतोतंत तेच असेल तर, नावाची सुरुवात जुळली तर, शेवट जुळला तर, किंवा नमुन्यात बसलं तर. आपल्याला हवा पहिला. शुल्काच्या नियमाचं नाव दिलं की तेवढाच चालतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. जेयुनिट या जावामधल्या नेहमीच्या चाचणी-साधनात हे सरळ बसतं. वेगळा सर्व्हर नको, डेटाबेस नको, ब्राउझर नको.

आमची एक चाचणी जशी आहे तशी सांगते. एक रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर, २९ टन कांदा, टनाला ५५० डॉलर. मूल्य झालं १५,९५० डॉलर. निर्यातीला परवानगीची तारीख १३ सप्टेंबर २०२४ दिली तर शुल्क ६,३८० डॉलर यायला हवं. तीच तारीख १४ सप्टेंबर केली की ३,१९०. बाकी काही बदलायचं नाही. दिवाणजींनी हे दोन आकडे कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिले आणि मग विचारलं, "आणि १३ तारखेला ५४० डॉलरनं माल गेला तर?" प्रश्न बिनतोड होता. किमान मूल्य काढलं विदेश व्यापार महासंचालनालयाने, १३ तारखेलाच. शुल्क कमी केलं अर्थ मंत्रालयाने, १४ पासून. दोन कार्यालयं, दोन अधिसूचना, एका दिवसाचं अंतर. म्हणजे १३ तारखेला ५४० डॉलरचा माल जाऊ द्यायचा, पण शुल्क ४० टक्केच धरायचं. सगळे नियम एकत्र चालवून अंतिम आकडा बघितला असता तर या एका दिवसाची खात्री कुणी केली असती असं मला वाटत नाही. किमान मूल्याचा नियम एकटा चालवला: १२ तारखेला अडवतो, १३ला सोडतो. शुल्काचा एकटा चालवला: १३ला ४०, १४ला २०. दोन्ही वेगवेगळे डोळ्यांसमोर आले. पाचपैकी जे साडेतीन दिले त्यातले तीन एवढ्यासाठीच.

आता खोडी.

पहिली आणि सर्वांत घातक. फिल्टरला दिलेलं नाव चुकलं तर ड्रूल्स काहीही बोलत नाही. असा नियमच नाही, असं सांगत नाही; नुसतं शून्य नियम चालले म्हणून परत येतं. जिथे नियम चालायला हवा होता तिथे चाचणी लगेच नापास होते, त्यामुळे चूक सापडते. पण 'या मालाला हा नियम लागू नये' अशी चाचणी असेल तर? नाव चुकीचं, नियम चाललाच नाही, चाचणी हिरवीगार पास. नियमाचं नाव कुणीतरी बदलतं आणि अशा नकारार्थी चाचण्या जन्मभर पास होत राहतात.

आमच्याकडे यात आणखी एक मराठी भानगड. नियमांची नावं आम्ही मुद्दाम मराठीत ठेवली आहेत, शेठच्या पेढीवर वाचता यावीत म्हणून. ड्रूल्सला त्याचं वावडं नाही, अवतरणचिन्हात काहीही चालतं. पण 'दुसऱ्या टप्प्याचं शुल्क' या नावातलं 'ऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हेने लिहिता येतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. जावाची बरोबरीची तपासणी मात्र त्यांना वेगळं मानते. नियमाची फाइल एकाने एका कीबोर्डवर टाइप केली आणि चाचणी दुसऱ्याने दुसऱ्या, तर नाव जुळणार नाही आणि का जुळत नाही ते डोळे फाडून पाहिलं तरी कळणार नाही.

उपाय छोटा आहे, पण आपला आपण करावा लागतो. चाचणीच्या आधी इंजिनाकडून सगळ्या नियमांची यादी मागायची, दिलेलं नाव त्यात आहे का बघायचं, नसेल तर चाचणी तिथेच पाडायची. आम्ही यासाठी एक लहानशी मदतनीस पद्धत लिहून ठेवली आहे आणि ऑफिसात नियम केला आहे की फिल्टर थेट वापरायचा नाही, तिच्यामार्फतच वापरायचा. ही तपासणी ड्रूल्सने आयती द्यायला हवी होती. अर्धा गुण इथे कापला.

दुसरी खोड अशी की फिल्टरने अडवलेला नियम रांगेत थांबून राहत नाही, तो टाकून दिला जातो. त्याच सत्रात (माहिती घालून नियम चालवायची इंजिनाची एक बैठक म्हणजे सत्र) पुढच्या ओळीत फिल्टरशिवाय फायर ऑल रूल्स म्हटलं तर आधी अडवलेले नियम आता चालतील अशी आपली समजूत असते. ते चालत नाहीत, कारण त्यांची पाळी जाऊन गेलेली असते. 'आधी शुल्काचा नियम, मग किमान मूल्याचा, मग बाकीचे' असं पायरीपायरीने एकाच सत्रात तपासायचा मोह होतो. तो आवरावा. प्रत्येक चाचणीला नवं सत्र, काम झालं की ते बंद करायचं. नियमांचा संच बांधायला काही सेकंद लागतात, म्हणून तो एकदाच बांधून सगळ्या चाचण्यांना द्यायचा. सत्र उघडणं स्वस्त आहे, तिथे काटकसर नको.

तिसरं म्हणजे, फिल्टर नियमाचं 'तर' अडवतो, 'जर' नाही. अटी सगळ्याच नियमांच्या तपासल्या जातात. त्यामुळे शुल्काच्या नियमाची चाचणी करताना तुम्ही खरेदीदाराचं नाव रिकामं ठेवलंत आणि दुसऱ्याच कुठल्या नियमाच्या अटीत त्या रिकाम्या नावावर काही क्रिया सांगितलेली असेल, तर ती अट फुटते आणि तुमची शुल्काची चाचणी तिच्यासोबत आडवी होते. नवख्याला वाटतं शुल्काच्या नियमातच घोळ आहे. आमच्या ऑफिसातला नवा मुलगा यातच दिवसभर अडकून बसला होता. ही ड्रूल्सची चूक म्हणणार नाही, इंजिनाची रचनाच तशी आहे. पण 'एकटा नियम' या शब्दांवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये.

यासाठी अजेंडा लिसनर जोडून घ्यावा. नियम जुळला कधी आणि चालला कधी, या दोन घटना तो वेगवेगळ्या कळवतो. चाचणी नापास झाली की पहिला प्रश्न हाच असतो: अट जुळलीच नाही की जुळून अडली? लिसनर नसेल तर ते अंदाजाने ठरवावं लागतं. लिसनर मात्र मनापासून आवडला. साधा आहे, भरवशाचा आहे, आणि त्याचा मजकूर मराठीत छापला की दिवाणजींनाही वाचता येतो.

एक्सेलच्या तक्त्यांबद्दल. ड्रूल्स एक्सेलमधून नियम वाचतं, हे विकताना फार छान वाटतं. प्रत्येक ओळ म्हणजे एक नियम. पण त्या ओळीला नाव नसेल तर ड्रूल्स ते स्वतःच देतं: तक्त्याचं नाव आणि पुढे ओळीचा क्रमांक. मधे एक नवी ओळ घातली की खालच्या सगळ्या नियमांची नावं सरकतात आणि नावाने हाक मारणाऱ्या चाचण्या शेजाऱ्याचा नियम तपासू लागतात. तक्त्यात नावाचा वेगळा रकाना ठेवता येतो, तो ठेवाच. आमच्याकडे त्या रकान्यात अधिसूचनेचा विषय आणि तारीख अशी नावं आहेत.

आता तारखेचा मुद्दा, आणि इथे मला थोडं लांबवर जावं लागेल, कारण माझ्या मते नियम एकट्याने तपासण्याचा खरा फायदा इथेच मिळतो.

ड्रूल्समध्ये नियमालाच 'अमुक तारखेपासून लागू' आणि 'अमुक तारखेला संपला' असे दोन गुणधर्म लावता येतात. कांद्याच्या कामाला हे अगदी शिवून घेतल्यासारखं वाटतं. आमच्या आधी ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांनी ते तसंच वापरलं होतं. पण हे गुणधर्म तारीख बघतात ती सत्राच्या घड्याळाची, म्हणजे एरवी आजची. निर्यातशुल्काचा दर आजच्या तारखेवर ठरत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १६: शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद) भरून जाणाऱ्या मालाला दर लागतो तो अधिकाऱ्याने कलम ५१खाली माल चढवायला परवानगी दिली त्या दिवसाचा. आमच्याकडे सगळे त्याला एलईओ म्हणतात, लेट एक्सपोर्ट ऑर्डर. पिंपळगावहून गाडी निघाली १२ तारखेला, कसारा घाट उतरून न्हावाशेवाला पोचली, रांगेत थांबली आणि परवानगी मिळाली १४ला, तर दर १४चा. आणि आपण बिल छापतोय २० तारखेला. या तीन-चार तारखांत इंजिनाचं घड्याळ कुठलीच बरोबर धरत नाही.

म्हणून तारीख ही मालाच्या माहितीत असली पाहिजे आणि नियमाच्या अटीत तिची तुलना झाली पाहिजे: 'एलईओची तारीख १४ सप्टेंबर २०२४ किंवा नंतरची आणि १ एप्रिल २०२५च्या आधीची'. असं लिहिलं की नियम एकट्याने तपासणं पोरखेळ होतं, घड्याळाशी झटापटच उरत नाही. तारीख बदला, आकडा बघा.

तरीही ज्यांना घड्याळावरचे नियम ठेवायचेच आहेत, उदाहरणार्थ 'दर दिल्यापासून ४८ तासांत होकार आला नाही तर दर रद्द', त्यांच्यासाठी ड्रूल्समध्ये चाचणीचं खोटं घड्याळ आहे. स्यूडो क्लॉक म्हणतात. ते हाताने हवं तेवढं पुढे सरकवता येतं आणि फार सुरेख चालतं. फक्त ते सुरू होतं १ जानेवारी १९७० पासून. माहिती घालण्याआधी ते हव्या तारखेवर आणून ठेवलं नाही तर २०२३-२४चे सगळे 'लागू' नियम अजून जन्मायचे आहेत असं समजून इंजिन स्वस्थ बसतं. पुन्हा तेच, चकार शब्द न काढता.

आणखी एक गाठ सोडवावी लागली. आमच्या शुल्काच्या नियमाला रुपयातलं मूल्य हवं होतं आणि ते मूल्य दुसरा नियम तयार करायचा, कस्टम्सने जाहीर केलेल्या विनिमय दरावरून. म्हणजे शुल्काचा नियम एकटा चालवला की त्याला खायला काहीच नाही. मार्ग दोन. चाचणीत रुपयातलं मूल्य हाताने घालायचं, किंवा नियमच असा लिहायचा की शुल्क डॉलरमध्ये निघेल आणि रुपये करणं हे शेवटचं स्वतंत्र काम राहील. आम्ही दुसरा मार्ग धरला. काही जण म्हणतील, चाचणीसाठी नियमाची रचना बदलली. हो, बदलली. दिवाणजी वहीत जसा हिशेब मांडतात तसाच तो आता कोडमध्ये मांडला आहे: आधी मूल्य, मग शुल्क, मग रुपये. ज्या नियमाला चार शेजाऱ्यांच्या आधाराशिवाय उभं राहता येत नाही, तो मुळात चार तुकड्यांत लिहायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. हे ड्रूल्स शिकवत नाही. फिल्टर लावून नियम चालेना की आपल्यालाच ते शिकावं लागतं.

उलट बाजूही सांगते. बंदीच्या काळातली तारीख घालून शुल्काचा नियम एकटा चालवला तर तो बिनदिक्कत काहीतरी आकडा देऊ शकतो, कारण बंदीचा नियम त्याला अडवायला शेजारी नाहीच. ड्रूल्समध्ये नियमाचा मान ठरवायला सॅलियन्स नावाचा आकडा असतो. ज्याचा मोठा तो आधी चालतो. आमचा बंदीचा नियम सर्वांत वर आहे, तो लागला की हिशेब थांबतो. हे सगळं फिल्टर लावला की तपासणीतून गळून जातं. म्हणून प्रत्येक अधिसूचनेमागे दोन प्रकारच्या चाचण्या हव्यात: नियम एकटा, आणि सगळे मिळून. एकट्याच्या पुष्कळ ठेवा, एकत्रित थोड्या पण निवडक. आमच्याकडे १५ जानेवारी २०२४ ही तारीख एकत्रित चाचणीत कायमची आहे. निकाल 'निर्यात बंद' एवढाच यायला हवा, आकडा दिसला की काहीतरी बिघडलं.

दिवाणजींना कोड दाखवण्यात अर्थ नव्हता. म्हणून जेयुनिटची सोय वापरली: एकच चाचणी, पण माहिती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीतून. दिवाणजी सांगतात, त्यांचा नातू एक्सेलमध्ये ओळी भरतो: एलईओची तारीख, टन, दर, अपेक्षित शुल्क, शेरा. आम्ही ती फाइल चाचणीला लावतो आणि प्रत्येक ओळीचा निकाल शेऱ्यासकट हिरवा-लाल दिसतो. दोनच पथ्यं. फाइल साठवताना यूटीएफ-८चा सीएसव्ही निवडायचा, नाहीतर मराठी शेऱ्यांचा चुराडा होतो. आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मजकूर म्हणून लिहायची, कारण एक्सेल तारखेला स्वतःच्या मनाने वळण लावतं. दिवाणजींच्या ओळी आमच्यापेक्षा खवचट असतात. शून्य टन, ५४९.९९ डॉलर, एकाच शिपिंग बिलावर दोन दरांचा माल. परीक्षक म्हणून मी त्यांना नोकरीवर घेतलं असतं.

या कामासाठी ड्रूल्सचा स्वतःचा पडदाही आहे. टेस्ट सिनॅरिओ म्हणतात. डावीकडे 'दिलेलं', उजवीकडे 'अपेक्षित', मधे ओळी. बिझनेस सेंट्रल या ड्रूल्सच्या जुन्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पडद्यात तर ठरावीक नियमांनाच चालू द्या किंवा ठरावीक नियमांना रोखा असं यादीतून निवडता यायचं. कोड न लिहिता नियम एकटा पाडायची ती सर्वांत सोपी सोय होती आणि चाचण्यांनी किती नियमांना हात लागला त्याचा अहवालही मिळायचा. पण आठव्या आवृत्तीपासून बिझनेस सेंट्रल ड्रूल्ससोबत येत नाही. नवा संपादक व्हीएस कोड या प्रोग्रॅमरांच्या कोड लिहायच्या साधनात जोडून मिळतो. प्रोग्रॅमरला ते ठीक आहे. पेढीवरच्या माणसाला व्हीएस कोड उघडून द्यायचा म्हणजे चाचणी राहिली बाजूला. उरलेला एक गुण इथे गेला. आमच्या सीएसव्हीच्या जुगाडाने तीच गरज जास्त चांगली भागते, पण तो आम्हाला करावा लागला.

तुलनेला दुसरं काय? ओपनएल टॅब्लेट्स हे एक्सेलच्या तक्त्यांवर चालणारं दुसरं नियम-इंजिन मी थोडं चालवून पाहिलं. त्यात एक्सेलच्या त्याच वहीत नियमाच्या तक्त्याखाली चाचणीचा तक्ता लिहिता येतो, आणि चाचणी मुळातच एका तक्त्यापुरती असते, त्यामुळे गाळायचा प्रश्नच येत नाही. हिशेबाच्या माणसाला ते पटकन उमगतं. ज्यांचं सगळं काम दर-तक्त्यांचं आहे आणि नियम एकमेकांना फारसे चिकटलेले नाहीत, त्यांनी आधी तिकडे जावं. आमच्याकडे बंदी, सवलत, अपवाद असे एकमेकांवर कुरघोडी करणारे नियम आहेत. बेंगलोर रोझ कांद्याला मधे शुल्कातून सूट मिळाली, ती कर्नाटकच्या फलोत्पादन विभागाच्या दाखल्यावर. असले अपवाद ड्रूल्समध्ये नीट बसतात.

ज्यांच्याकडे दहा-बारा नियम आहेत आणि वर्षाला एखादा बदलतो, त्यांनी हे इंजिन घेऊच नये. साध्या जावाच्या पद्धती लिहा, त्या एकेकट्या तपासायला फिल्टर लागत नाही. द्राक्षवाल्यांच्या मण्याच्या आकारावरून प्रत ठरवायच्या कामाला मी तेच केलं आहे.

जुनं बिझनेस सेंट्रल अजून चालवत असाल तर एक काम लगेच करा. तिथल्या चाचण्यांमधले दिलेले आणि अपेक्षित आकडे साध्या एक्सेलमध्ये उतरवून घ्या, प्रत्येक ओळीपुढे नियमाचं नाव लिहून. नवी आवृत्ती घ्यायच्या वेळी नियमांच्या फाइली थोड्याफार डागडुजीने पुढे नेता येतात, चाचण्यांचं तेवढं सोपं जात नाही. आणि नावं लिहिताना तो ऱ कुठला आहे ते बघून घ्या.